शाळेचं ते ऑल-इन-वन अ‍ॅप, दोन टर्म वापरून झाल्यावर

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, शाळेत कळलं तर उगाच लफडं. तसंही सगळी एकाच साच्यातली असतात, हजेरी मार्क होमवर्क पालकांचे मेसेज सगळं एकाच ठिकाणी, आणि डेमोवाला ठासून सांगतो की शिक्षकांचा वेळ वाचणार.

प्रगतिपुस्तकाला मात्र मानलं. पूर्वी अख्ख्या वर्गाच्या बेरजा तीनतीनदा करायचो, आता मार्क भरले की झालं. दोन स्टार देतोय ते त्याचेच.

बाकी सगळं डबल. हजेरी अ‍ॅपमध्ये भरा, कॅटलॉगातही भरा कारण ऑफिसला कागद लागतोच, आणि मधेच नेट गेलं तर अ‍ॅपमध्ये परत एकदा. टाचण वहीत लिहिलेलं असतं तेच पुन्हा त्यांच्या फॉर्मॅटमध्ये टाइप करा. ऑफ तासाला निदान पाचसहा पेपर तपासून व्हायचे, तो तास आता लॉगिन करण्यात जातो आणि पेपर घरी येतात. ओईसीडी या देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये शिक्षकांचा जो टॅलिस नावाचा आंतरराष्ट्रीय सर्वे केला त्यात शिक्षकांचा प्रत्यक्ष शिकवण्यातला वेळ एकूण कामाच्या साधारण निम्माच निघाला होता, आमच्याकडे तेवढा तरी उरलाय का शंका आहे.

मेसेजचं तर विचारूच नका. रात्री पावणेअकराला "सर उद्या पीटीचा ड्रेस आहे का", उघडला की समोर 'वाचलं' दिसतं, म्हणजे उत्तर द्यायलाच हवं. मेसेज बंद ठेवायच्या वेळा सेट करता येतात हो, पण फक्त अ‍ॅडमिनच्या लॉगिनवरून!

वर एक वेलनेस टॅब. दर शुक्रवारी स्माइली निवडायची. मी थकलेली निवडली तर म्हणे दीर्घ श्वास घ्या, आणि खालीच लाल अक्षरात 'नऊ नोंदी बाकी'. अरे डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये बर्नआउट म्हणजे कामाच्या ठिकाणचा न आवरलेला ताण असंच लिहिलंय, आजार नाही म्हणालेत, मग श्वास मलाच का घ्यायला लावता, नोंदी कमी करा की. बर्नआउट मोजायची मास्लाक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंची जी प्रश्नावली आहे ना, त्यात थकव्याच्या जोडीला माणसांबद्दल कोरडं होणंही मोजतात. वाचून हसलो होतो. परवा एका पोराला त्याच्या आईसमोर रोल नंबरने हाक मारली मी.

तुमच्या शाळेत डेमो असेल तर एकच विचारा, हे आलं की कुठलं रजिस्टर बंद होणार? आमच्या डेमोत कुणीच विचारलं नाही, सगळे मागे बसून वह्या तपासत होतो.