गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन, पुण्यातलं एक सेंटर: रिपोर्टिंगला पाच स्टार, रिसेप्शनला दोन

मामांसाठी गेलो होतो, किरणोत्सारी औषध टोचून शरीरात ट्यूमर कुठे आहे ते दाखवणारा हा स्कॅन करायला. केस जरा विचित्र आहे म्हणून सविस्तर लिहितोय, कोणाच्या तरी कामी येईल. मामांच्या दोन्ही किडन्या जन्मापासूनच खालच्या टोकाला एकमेकींना जोडलेल्या, हॉर्सशू किडनी म्हणतात ती. ४००-५०० माणसांत एखाद्याला असते आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही, मामांनाही साठीपर्यंत नव्हता. सोनोग्राफीत गाठ दिसली, ऑपरेशन करून डावी बाजू आणि मधला जोड काढला, सगळे नेहमीचा किडनी कॅन्सर धरून चालले होते आणि बायोप्सीत निघाला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या जातीच्या पेशींची गाठ. किडनीत हा इतका दुर्मिळ की पहिली केस छापली गेली १९६६ साली. पण हॉर्सशू किडनीवाल्यांमध्ये तो अपेक्षेपेक्षा बराच जास्त सापडतो. का, ते अजून कोणाला नीट सांगता येत नाही, कारण साध्या किडनीच्या मांसात त्या जातीच्या पेशीच नसतात म्हणे.

आता हा स्कॅन कशाला, तर गाठ खरंच किडनीतलीच की आतडं, स्वादुपिंड, फुप्फुस असं कुठून तरी येऊन बसलेली, हे बघायला. आम्हाला एकाने साधा एफडीजी पेट (किरणोत्सारी साखर टोचून करतात तो) करा असं सुचवलेलं, पण मामांचा केआय-६७ (किती टक्के पेशी वाढीला लागल्यात त्याचा आकडा) होता २ टक्के, म्हणजे ग्रेड वन, हळू वाढणारा. असले ट्यूमर साखर फारशी ओढत नाहीत, त्यामुळे त्या पेटमध्ये सुटून जाऊ शकतात. डोटाटेट हे औषध मात्र या ट्यूमरच्या पेशींवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, म्हणून हाच करायचा.

आधी वाईट सांगतो. फोनवरच्या मॅडमनी रात्रीपासून उपाशी या सांगितलं, डायबेटिसचा माणूस कोल्हापूरहून उपाशीपोटी आणला आणि आत टेक्निशियन म्हणतो अहो याला उपास लागतच नाही, तो साध्या पेटला! वर अपॉइंटमेंट दोनदा पुढे ढकलली. त्यात थोडं समजून घेता येतं, कारण औषधातलं किरणोत्सारी गॅलियम दर ६८ मिनिटांनी अर्धं होतं, साठवून ठेवता येत नाही, जनरेटरमधून (वीजेचा नव्हे, गॅलियम मिळवायचं यंत्र) काढून तिथल्या तिथे डोस बनवतात आणि म्हणून ठराविक दिवशीच पेशंट घेतात. पण मग तसं सांगा ना फोनवर. सकाळी उशीर झाला तर डोस वाया, हे पण कोणी सांगत नाही, तेव्हा वेळेत पोचा.

इंजेक्शननंतर तासभर बसवतात, पाणी प्या, लघवीला जाऊन या, मग मशीन. एसी कडक, शाल न्या.

पैसे वसूल होतात ते रिपोर्टिंगला. न्यूक्लियर मेडिसिनच्या डॉक्टर मॅडमनी इंजेक्शनच्या आधीच जुन्या सीटीची सीडी, बायोप्सीचा कागद, ऑपरेशन नोट सगळं मागून घेतलं, ऑक्ट्रिओटाइड (असल्या ट्यूमरवर देतात ते इंजेक्शन, तेही त्याच रिसेप्टरला चिकटतं) चालू आहे का तेही विचारलं. नंतर स्क्रीनसमोर बसवलं. उरलेली किडनी आणि प्लीहा लख्ख पेटलेली बघून मामी रडायलाच लागल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काकू, हे सगळ्यांचंच पेटतं, औषध किडनीतूनच बाहेर जातं." आणि खरी गोम तीच आहे, किडनी मुळातच उजळत असल्यामुळे तिच्यातली बारीक गाठ या स्कॅनवर लपू शकते, म्हणून त्यांनी ती बाजू कॉन्ट्रास्ट सीटीवर वेगळी तपासली आणि तसं रिपोर्टमध्ये लिहिलंही. स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ एक ठिपका होता, तो नॉर्मल माणसातही दिसतो असं कारणासकट लिहिलं. नवख्या माणसाने तिथेच ट्यूमर लिहून आमची झोप उडवली असती. बाकी कुठे काही नाही, म्हणजे मूळ किडनीतच होतं असं धरून आमचे ऑन्कोलॉजिस्ट आता नुसतं फॉलोअपवर ठेवतायत.

जाणार असाल तर बुकिंग करतानाच विचारा की रिपोर्ट कोण वाचणार आणि पेशंटशी बोलणार का. कागद सगळे न्या, आणि किरणोत्सारी औषध असल्यामुळे तान्ही पोरं आणि गरोदर बाई सोबत नेऊ नका. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, सीडी मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या, पुढच्या वेळी तुलनेला तीच लागते.