आवळा जेवणाचा, कोहळा पाऊण लाखाचा

रत्नागिरी, चिपळूण, मालवण, कुठेही जेवायला गेलात आणि गल्ल्याशेजारी काचेच्या बरणीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या दिसल्या, तर चिठ्ठीवर काय काय विचारलंय ते आधी नीट वाचा. सोडतीसाठी नाव आणि मोबाइल नंबर लागतो, इथवर ठीक. पण लग्नाला किती वर्षं झाली, दोघंही नोकरी करता का, उत्पन्न किती, क्रेडिट कार्ड आहे का, पासपोर्ट आहे का? सुरमईच्या थाळीनंतर हे सगळं कशाला हवं असतं? सोडत वगैरे काही नसते. सहलींची मेंबरशिप गळ्यात मारायला त्या चिठ्ठ्यांतून कमावती, नवीन लग्न झालेली, कार्डवाली जोडपी तेवढी वेचून काढतात. आम्ही दोघं त्यात नेमके बसत होतो.

आमचे षौक दोनच. पगार झाला की बाहेर जाऊन मासे खायचे आणि पैसे साठले की एखादा परदेश बघायचा. म्हणून फोनवर जेव्हा ‘अभिनंदन, दोघांना डिनर आणि थायलंडच्या तीन रात्री फ्री’ असं ऐकलं, तेव्हा कान टवकारले. अटी दोन होत्या. नवराबायको दोघांनीही आलंच पाहिजे, आणि ‘ओळखीसाठी’ बँकेचं कार्ड आणायचं. आधार कार्ड नाही, बँकेचं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “फुकट जेवायला कोण घालतो गो? लग्नातसुद्धा आहेर द्यावा लागतो.”

दोघांना एकत्र बोलावतात त्याचं कारण आत बसल्यावर उमगतं. एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून सुटतो. दोघं समोर असली की ती पळवाट बंद.

जागा होती गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरचं एक हॉटेल. ऐन जुलै, बाहेर पाऊस कोसळतोय, पर्यटक नाहीत, हॉल रिकामे. तासभराचा कार्यक्रम सांगितला होता, तो संपायला रात्र झाली, आणि जेवण सगळ्यात शेवटी. भुकेल्या माणसाची सही लवकर मिळते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. जेवायला काय, तर पनीर, डाळ, गुलाबजाम. रत्नागिरीच्या माणसाला जेवायला बोलावून पनीर! विचारलं तर आमच्या टेबलाशी बसलेला त्यांचा माणूस म्हणाला, “मासेमारीला बंदी आहे ना मॅडम.” 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते हे खरं. संध्याकाळभरात त्याने सांगितलेली ती बहुधा एकमेव खरी गोष्ट.

पण मुख्य कसब हिशोबात आहे. प्रत्येक टेबलाला एक ‘सल्लागार’. आधी तो काही विकत नाही, नुसता गप्पा मारतो. कुठे कुठे फिरलात, तिथे काय खाल्लंत, महिन्याला हॉटेलात किती खर्च होतो, परदेशाच्या एका ट्रिपला किती लागतात. आपण सांगत जातो, तो पॅडवर लिहीत जातो. महिन्याला तीन हजार, म्हणजे दहा वर्षांचे 3,60,000. दरवर्षी दीड लाखाची ट्रिप, म्हणजे 15,00,000. बेरीज 18,60,000. मग त्या आकड्याभोवती लाल गोल काढून तो म्हणतो, “हे तुम्ही सांगितलेले आकडे आहेत, माझे नाहीत.” एवढा खर्च तुम्ही करणारच आहात, तर आमची दहा वर्षांची मेंबरशिप सव्वा लाखात घ्या, दरवर्षी हॉटेलात सहा रात्री मिळतील, शिवाय महिन्याला एक जेवण फुकट. दरवर्षी परदेशी जाणार असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. पण लाल गोलातल्या आकड्यासमोर सव्वा लाख अगदीच किरकोळ दिसतात.

मध्येच घंटा वाजते, सगळे टाळ्या वाजवतात, कुणीतरी ‘मेंबर’ झालेलं असतं. गाणी इतकी मोठ्याने लावलेली की शेजारी बसलेल्या नवऱ्याशीही बोलता येऊ नये. तुम्ही मान हलवत राहिलात की ‘मॅनेजर’ येतो, भाव पाऊण लाखावर आणतो आणि सांगतो की हा दर याच खोलीत, आज, आत्ता. कार्ड मशीनवर जातं. आमचंही गेलं. करारपत्र त्यानंतर हातात पडतं.

सल्लागाराचा तो पॅडवरचा कागद आम्ही मागितला. ‘कंपनीची मालमत्ता आहे’ म्हणून दिला नाही. नवऱ्याने मात्र बोलता बोलता त्याचा फोटो काढून ठेवला होता. पुढे तक्रारीत सगळ्यात जास्त उपयोग त्याच फोटोचा झाला, कारण तोंडी दिलेली वचनं त्याच कागदावर सल्लागाराच्या हाताने लिहिलेली होती आणि करारात त्यातलं एकही जसंच्या तसं नव्हतं.

करारात काय होतं? सहा रात्री होत्या, पण ‘उपलब्धतेनुसार’. बुकिंग दीड महिना आधी करायचं, आणि मे महिना, दिवाळी, नाताळ, जोडून येणाऱ्या सुट्ट्या वगळून. म्हणजे नोकरदार माणसाला सुट्टी मिळते ते सगळे दिवस वगळून. दरवर्षी देखभाल शुल्क भरायचं, ते न भरल्यास रात्री बाद. शिवाय प्रत्येक रात्रीला वीजपाण्याचा वेगळा आकार. पैसे परत मिळणार नाहीत. वाद झाल्यास लवाद नेमायचा, तोही दिल्लीत. हे सगळं बारीक इंग्रजीत.

फुकट जेवणांचं तर हसूच येतं. कूपन चालतील अशी हॉटेलं पुण्यात आणि मुंबईत. राजापूरपासून दापोलीपर्यंत एकही नाही. एकाच्या जेवणावर दुसरं मोफत, तेही सोमवार ते गुरुवार. कामासाठी पुण्याला गेलो तेव्हा एक वापरून पाहिलं. बिलात सेवाशुल्क लावलेलं होतं, तेही दोन्ही जेवणांच्या पूर्ण किमतीवर. सेवाशुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच बजावलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. हे सांगितल्यावर मॅनेजरने मुकाट्याने काढून टाकलं. जाता जाता तुम्हालाही सांगून ठेवते, अशा कूपनाशिवाय गेलात तरी उपयोगी पडेल.

आता थायलंड. ‘फ्री’ म्हणजे फक्त हॉटेलची खोली. विमानाची तिकिटं त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि त्याखेरीज माणशी व्हिसा शुल्क, ‘आगमन कार्डा’चे पैसे आणि टीसीएस. यातली प्रत्येक बाब ऐकायला सरकारी वाटते, म्हणून ती एकेक करून सांगते.

व्हिसा: नोव्हेंबर 2023 पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला आणि आम्ही गेलो तेव्हाही तो लागत नव्हता. म्हणजे जे लागतच नाही त्याचे पैसे. आगमन कार्ड: 1 मे 2025 पासून तिथे डिजिटल कार्ड भरावं लागतं हे खरं, पण थायलंडच्या इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर ते पूर्ण मोफत आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत घरबसल्या भरायचं. तसंच दिसणारी, पैसे घेणारी खोटी संकेतस्थळंही आहेत, तेव्हा पत्ता नीट बघा. टीसीएस मात्र खरा कर आहे. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याने तो घेऊन आपल्या पॅनवर जमा करायचा असतो आणि विवरणपत्र भरताना तो आपल्याला वळता करून घेता येतो. म्हणून खरं-खोटं तपासायची ही छान जागा आहे. आमच्याकडून घेतलेला टीसीएस तिमाही उलटून गेली तरी 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या करांच्या सरकारी पत्रकात, दिसेना. थायलंडचे हे पैसे कंपनीच्या खात्यात नव्हे, कुणा एका व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले होते, त्याचा अर्थ तेव्हा लागला.

आणि तिकीट. व्हॉट्सअॅपवर विमान कंपनीचं चिन्ह असलेली पीडीएफ आली, सहा अक्षरांचा पीएनआरही होता. पीएनआर असला म्हणजे तिकीट निघालं असं नाही. एजंट जागा नुसती धरून ठेवू शकतो, पैसे भरले नाहीत की ती आपोआप सुटते. एअर इंडिया, थाई एअरवेज अशा कंपन्यांचं तिकीट खरंच निघालं की त्यावर तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो. आमच्या पीडीएफवर तो नव्हता. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकलं, तर पहिल्या दिवशी ‘होल्ड’ दिसलं आणि नंतर नोंदच सापडेना. उर्वरित रक्कम द्यायची आम्ही थांबवली. त्याबरोबर सल्लागारसाहेबांचा फोनही थांबला.

रजा मंजूर होती, म्हणून आम्ही स्वतःच तिकिटं काढून गेलो. बँकॉकला ग्रँड पॅलेसच्या बाहेर एक नीटनेटका माणूस गोड हसत पुढे आला. राजवाडा आज दुपारपर्यंत बंद आहे, म्हणाला, तोवर वीस बाथमध्ये टुकटुकने दोनचार देवळं दाखवतो. वीस बाथ म्हणजे साठ रुपयांच्याही आत. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला, “पनीर!” तिथला हा जुना धंदा आहे. राजवाडा उघडाच असतो, टुकटुक शेवटी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेते आणि ड्रायव्हरला दुकानाकडून कमिशन मिळतं. माणशी 500 बाथचं तिकीट घेऊन आम्ही सरळ आत गेलो.

परत आल्यावर तक्रारीच्या मागे लागलो. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथे नोंद केली, कंपनीचं गुळगुळीत उत्तर आलं, प्रश्न मिटला नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. करारात दिल्लीचं कलम असल्यामुळे हातपाय गाळलेले दोघेतिघे मला भेटलेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लवादाच्या कलमामुळे आयोगाचं दार बंद होत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर मात्र आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा, तिथे तास मोजले जातात. कार्डावरून गेले असतील तर बँकेला लगेच लेखी वादाचा अर्ज द्या.

आयोगाची नोटीस गेल्यावर कंपनीला अचानक आमची आठवण झाली. निम्मे पैसे देतो, तक्रार मागे घ्या, आणि ‘आमची काहीही तक्रार उरलेली नाही, याबद्दल कुठे लिहिणार-बोलणार नाही’ या कागदावर सही करा. ती सही आम्ही दिलेली नाही. प्रकरण सुरू आहे, म्हणून कंपनीचं नावही इथे घेत नाही.

अशाच कार्यक्रमात कुणी मेंबरशिप घेतली असेल तर करारपत्र, कार्डाची पावती, सोडतीच्या फोनचा नंबर आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज जपून ठेवा, डिलीट करू नका. फोनवरचं बोलणं नंतर ‘असं म्हटलंच नव्हतं’ होतं, म्हणून पुढचं प्रत्येक बोलणं ईमेलवर आणा. आणि सल्लागाराने पॅडवर आकडे मांडायला घेतले की त्याच्यासमोरच फोटो काढा. नको म्हणाला तर उठा, जेवण सोडून द्या. तसंही पनीरच असतं.