सहा की नऊ? ताणाचा टेन्सर फाईलमध्ये लिहिताना

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात धक्क्याच्या खांबांना लाटा आणि बोटी दोन्ही झेलाव्या लागतात. अशा काँक्रीटच्या खांबाचं मॉडेल सोडवून ताण पॅराव्ह्यूत (निकाल चित्ररूपात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बघायचा, तर तो सहा घटकांत लिहावा की नऊ?

ताणाचा टेन्सर म्हणजे एका बिंदूवरचा ताण सांगणारा तीन बाय तीनचा मॅट्रिक्स. तो सममित, म्हणजे एक्सवाय आणि वायएक्स सारखेच, म्हणून सहा पुरतात. दहा लाख बिंदू आणि 8 बाइटचे आकडे धरले, तर 48 एमबी, नऊला 72.

पण घात करतो तो क्रम. पॅराव्ह्यू एक्सएक्स, वायवाय, झेडझेड, एक्सवाय, वायझेड, एक्सझेड असं वाचतो. अबॅकस, म्हणजे मॉडेल सोडवणारं सॉफ्टवेअर, शेवटचे दोन उलट्या क्रमाने देतो. फाईल मुकाट उघडते. फॉन मिसेस ताणही (सगळे घटक मिळून काढलेला एकच आकडा) बरोबर येतो, कारण त्यात शिअरच्या, म्हणजे एक्सवाय, वायझेड, एक्सझेड या सरकवणाऱ्या घटकांच्या, वर्गांची बेरीज असते. अदलाबदल तिथे दिसतच नाही! चुकतात ते मुख्य ताण (ज्या दिशांना शिअर उरत नाही तिथले ताण) आणि त्यांच्या दिशा, आणि काँक्रीटला तडा कुठे जाईल हे आपण त्यांवरूनच ठरवतो.

नऊमध्ये अख्खा मॅट्रिक्स ओळीने येतो, प्रत्येक घटकाची जागा ठरलेली. मात्र सहाचे नऊ करतानाच घोळ झाला तर तोही लपतो. ताणाऐवजी स्ट्रेन (आकारातला बदल) असेल तर आणखी एक: अबॅकसचा शिअर स्ट्रेन दुप्पट असतो, मॅट्रिक्समध्ये भरताना तो निम्मा करा.

तपासणी संपेपर्यंत मी नऊच निवडेन. आधी साध्या घनावर फक्त वायझेड शिअर द्यावा. मुख्य दिशा वायझेड प्रतलात 45 अंशांवर आल्या, की मगच खांबाची फाईल उघडावी.