गोगोलचे ‘नाक’: पाचव्या श्रेणीचा अधिकारी

एका सकाळी पीटर्सबर्गमधील इव्हान याकोव्लेविच या न्हाव्याला ताज्या पावात आपल्याच एका गिऱ्हाइकाचे नाक सापडते. त्याची बायको मुळीच चक्रावत नाही. दाढी करताना तू लोकांची नाके ओढतोस हे मी तिघांकडून ऐकले आहे, असे म्हणत ती त्याच्यावर तोंडसुख घेते. रशियन लेखक निकोलाय गोगोलच्या ‘नाक’ या १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या कथेची जात इथेच कळते: अशक्य ते घडते आणि जो तो ते आपल्या जुन्या तक्रारींच्या खात्यात जमा करून मोकळा होतो.

नाकाचा मालक कोव्हाल्योव हा आठव्या श्रेणीचा अधिकारी आहे. झार पहिल्या पीटरने १७२२ मध्ये सरकारी सेवेच्या चौदा श्रेणी ठरवून दिल्या होत्या, त्यांत पहिली सर्वांत वरची, आणि ही उतरंड ठाऊक असल्याखेरीज कथेतला सर्वांत जहरी विनोद हाती लागत नाही. हरवलेले नाक त्याला भेटते ते सोनेरी भरतकामाचा गणवेश आणि पिसांची टोपी घालून, पाचव्या श्रेणीचा अधिकारी होऊन. साहजिकच स्वतःच्याच नाकाशी बोलताना त्याची जीभ अडखळते, आणि तुमच्या गणवेशाच्या गुंड्या पाहता तुमचे खाते निराळे दिसते, असे सांगून नाक त्याची बोळवण करते. हा प्रसंग मूळचा पीटर्सबर्गच्या काझान कॅथेड्रल या चर्चमधला. सेन्सॉरमुळे तो पहिल्या छपाईत बाजारात हलवावा लागला, तेव्हा अनुवाद निवडताना प्रसंग कॅथेड्रलमध्येच घडतो ना, एवढे पाहून घ्यावे.

मला सर्वाधिक आवडला तो वर्तमानपत्राच्या कचेरीतला प्रसंग. नाक हरवल्याची जाहिरात छापली तर पत्राची अब्रू जाईल, असे तिथला कारकून अतिशय सभ्यपणे समजावतो. मागे हरवलेल्या काळ्या पूडल कुत्र्याची जाहिरात छापली तर तो पूडल म्हणजे एक खजिनदार निघाला, हा दाखलाही देतो. शेवटी सहानुभूती म्हणून तो बिननाकाच्या माणसापुढे तपकिरीची डबी धरतो. या माणसात दुष्टपणाचा लवलेश नाही, आणि म्हणूनच तो वाचताना हसू आवरत नाही.

पुढे आपली मुलगी कोव्हाल्योवला देऊ पाहणाऱ्या श्रीमती पोद्तोचिनाशी त्याचा झालेला पत्रव्यवहार मात्र रेंगाळतो. नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे, हा अर्थ मराठी वाचकाच्या जिभेवर आयताच असतो. पण तेवढ्यावर कथा उलगडली असे मानू नये. आधीच्या खर्ड्यात हे सारे स्वप्न ठरत होते. गोगोलने तो खुलासा काढून टाकला, हे वाचकांवर उपकारच झाले.

नाक जागेवर परतल्यावर कोव्हाल्योव बाजारात एका सन्मानपदकाची फीत विकत घेतो. असे कोणतेही पदक त्याला कधी मिळालेले नसते.