खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेट: छतावरची डिश की 4जी राउटर?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबी, जांबोटीकडच्या गावांत आधी एक गोष्ट तपासा: घराच्या कौलावर किंवा मागच्या टेकाडावर मोबाइलची एखादी तरी रेघ येते का? येत असेल तर बाहेर बसवून टॉवरच्या दिशेला रोखायचा अँटेना आणि 4जी राउटर घ्या. खर्च काही हजारांत आटोपतो, महिन्याचं रिचार्ज साधंच. ऑनलाइन क्लास, बँकेचं काम, व्हिडिओ कॉल एवढ्यावर निभतं.

रेंजच नसेल तरच डिश लावून उपग्रहावरून नेट घ्यायचा विचार करावा. त्यातही फरक आहे. जुनी व्हीसॅट सेवा (लहान डिशवरून उपग्रहाशी जोडणारी) सुमारे 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहावरून चालते. बोललेलं पोचून उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं. स्टारलिंकसारख्या नव्या उपग्रह-इंटरनेट सेवेचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे बोलणं अडखळत नाही. पण त्या डिशला मोकळं आकाश लागतं. भीमगड अभयारण्याच्या दाट झाडीत अंगणात ठेवून भागत नाही, उंच खांबच हवा. पावसाच्या दणक्यात सिग्नलही पडतो, आणि आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको.

विजेचा हिशेब तर लोक धरतच नाहीत. डिश 75 ते 100 वॅट खाते, म्हणजे दहा तासांना जवळपास एक युनिट. राउटरला दहा-बारा वॅट पुरतात. जुलैत लाइट गेली की लहान बॅटरीवर राउटर रात्रभर चालेल, डिश नाही.

एकट्या घराला डिश परवडणं कठीण. शाळा, आरोग्य उपकेंद्र किंवा चार-पाच घरांनी मिळून घेतली तर मात्र मी नक्की घ्या म्हणेन.