पोस्टफिक्स: रत्नागिरीच्या आंबावाल्यांसाठी कसा?

हंगामात ऑर्डरी ईमेलवर येतात, तेव्हा हा फुकटचा मेल सर्व्हर पुरेसा आहे. पत्ता-पडताळणी (मेल घेण्याआधी तो पत्ता खरंच आहे का हे तपासणं) उत्तम, पण एक खोच: नवा पत्ता उघडण्याआधीच कुणी त्यावर मेल टाकला, तर ‘असा पत्ता नाही’ हा निकाल साठवला जातो आणि मूळ सेटिंगनुसार 3 तासांनंतरच फेरतपासणी होते. नकाराचा कोड 450 (तात्पुरता नकार) आहे तोच ठेवा, म्हणजे पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. 550 (कायमचा नकार) केलात की ऑर्डर तिथेच परतली!

फॉरवर्डिंग मात्र कटकटीचं. जीमेलकडे वळवलेला मेल एसपीएफमध्ये (कोणत्या सर्व्हरला त्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे, ही तपासणी) नापास होतो, कारण मूळ पाठवणाऱ्याच्या परवानगी-यादीत आपल्या सर्व्हरचा आयपी पत्ता नसतो. म्हणून वळवताना पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनचा करून देणारा पोस्टएसआरएसडी हा प्रोग्रॅम जोडाच. स्वतःकडे प्रत हवी असेल, तर फॉरवर्ड फाइलमध्ये (मेल कुठे वळवायचा ते सांगणारी .forward फाइल) आपल्या नावाआधी उलटी तिरकी रेघ (\) द्या.