लॅरिंगोस्कोपचे डिझाइन: एकवापर, पुनर्वापर की दोन्हींचा मेळ?

लॅरिंगोस्कोप म्हणजे मूठ, पाते आणि दिवा असलेले, घशात पाहून श्वासनलिकेत नळी घालण्यासाठीचे उपकरण. पर्यावरणावरचा भार तोलायचा तर आधी तुलनेचे माप ठरवा: एका रुग्णाच्या श्वासनलिकेत एकदा नळी घालणे. दोन उपकरणांची वजने शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

पुनर्वापराचे पाते 100 ग्रॅम स्टेनलेस स्टीलचे धरा. 500 वेळा वापरले तर प्रत्येक वेळेच्या वाट्याला 0.2 ग्रॅम पोलाद येते. तेच 40 व्या वेळी चुकून कचऱ्यात गेले, तर 2.5 ग्रॅम. धातूचा वाटा इतका किरकोळ असतो की खरा भार धुण्याचा आणि ऑटोक्लेव्हचा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा) असतो. अर्धे रिकामे ऑटोक्लेव्हही जवळपास तेवढीच वीज आणि पाणी घेते. ऑस्ट्रेलियात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) बसवण्याच्या संचांची अशी तुलना झाली (2012), तेव्हा पुनर्वापराच्या संचाचे कार्बन उत्सर्जन जास्त निघाले. तिथली वीज कोळशाची होती. तेव्हा ‘पुनर्वापर म्हणजे हिरवे’ हे गृहीत धरू नका.

पुनर्वापर निवडलात तर 134 अंश सेल्सिअसची वाफ शेकडो वेळा सोसणारे साहित्य हवे. प्लास्टिकांपैकी एबीएस मऊ पडते, पॉलिकार्बोनेट वाफेने आणि अल्कधर्मी डिटर्जंटने हळूहळू तडकते, पीपीएसयू टिकते. मुठीवरच्या खोल खाचांत घाण अडकते, म्हणून खाचा उथळ आणि कडा गोल ठेवा. सर्वात आधी दगा देतो तो पात्यातला प्रकाशतंतूंचा जुडगा: वाफेच्या फेऱ्यांनी उजेड मंदावतो आणि एरवी धडधाकट पाते भंगारात जाते. जुडगा वेगळा काढून बदलता आला पाहिजे.

एकवापरात पाणी-वाफेचा खर्च वाचतो, पण मुठीसकट फेकायचे उपकरण म्हणजे दर वेळी एलईडी आणि बॅटऱ्याही कचऱ्यात. बॅटऱ्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीत गेल्या तर फुटू शकतात. हातमोजे घालूनही उघडेल असे झाकण द्या, गोंद टाळा. पीव्हीसीही नको, जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो. गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे असेल तर साधे पॉलिप्रोपिलीन ठिसूळ होते. किरणे सोसणारी, स्थिरीकृत प्रतच (ग्रेड) घ्या.

आमचा कल मेळाकडे आहे: मूठ टिकाऊ, पाते एकवापर. मात्र दिवा मुठीतच हवा, पात्यात फक्त प्रकाशवाहक. दिवा पात्यात असेल तर दर रुग्णामागे बल्ब आणि तारा फेकल्या जातात. आयएसओ 7376 या लॅरिंगोस्कोपच्या आंतरराष्ट्रीय मानकाची जोडणी पाळली तर दुसऱ्या उत्पादकाचे पातेही बसते आणि एका पात्याचा पुरवठा थांबला म्हणून मूठ मोडीत निघत नाही. जिथे ऑटोक्लेव्ह भरून चालते, वीज स्वच्छ आहे आणि उपकरणांची मोजदाद नीट होते, तिथे मात्र संपूर्ण पुनर्वापरच घ्या.

वापरसूचना हाही डिझाइनचाच भाग. पाते श्लेष्मल त्वचेला लागते, म्हणून त्याला किमान उच्च पातळीचे जंतुनाशन (हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन) लागते. मूठ रुग्णाच्या घशात जात नाही, पण पात्यामुळे आणि हातांमुळे दूषित होते, त्यामुळे नुसते पुसण्यावर भागवू नका. जोखीम तपासून जेवढी प्रक्रिया पुरेशी ठरते तेवढीच लिहा. सावधगिरी म्हणून वाढवलेली प्रत्येक पायरी त्या उपकरणाच्या शेवटच्या वापरापर्यंत वीज खात राहते.